हवेचे माप आणि मँचेस्टरची आपली मुले

मँचेस्टर शहरी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांशी फोनवर बोलताना हल्ली एक विषय वारंवार कानी येतो. अभ्यास नव्हे, पाऊस नव्हे, लग्न तर नव्हेच. विषय असतो मोटारगाडीचा. जुनी गाडी कितीला घेतली, तिच्या इंजिनात काय काय बदलले आणि त्यामुळे अश्वशक्ती किती वाढली, हे मुले अशा उत्साहाने सांगतात की पूर्वी आपले आजे नवा बैल घेतल्यावर सांगत असत. इकडे बेटावर आईबापांचा जीव मात्र टांगणीला लागतो. कोणी म्हणतो, शिकायला पाठवले की गॅरेजात काम करायला? कोणी म्हणतो, पोरगा हाताचा कुशल आहे, करू दे.

वाचकहो, या वादात आम्हाला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. गाडीचे इंजिन उघडून पाहणाऱ्या मुलाला आम्ही वाया गेलेला समजत नाही. परंतु इंजिन समजून घेणे आणि इंजिनाला फसवणे यांत फरक आहे, आणि सध्या जे चालले आहे त्यातले बरेचसे दुसऱ्या प्रकारात मोडते. हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. त्यासाठी इंजिन श्वास कसा घेते हे थोडे सांगावे लागेल. ज्यांना हा भाग ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी. आमचा पेशा शिक्षकाचा, आणि खडू हाती घेतल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारे यंत्र. एक ग्रॅम पेट्रोल पुरेपूर जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळून धूर होतो. हवा जास्त झाली तर ज्वलन तापट होते आणि भार पडल्यावर इंजिन ठोकू लागते. आपल्या आज्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसत तेव्हा हेच गणित करीत, फक्त त्यांचे सेन्सर म्हणजे त्यांचे डोळे. पूर्वी मोटारीत हे काम कार्ब्युरेटर करी. हवा अरुंद वाटेने जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर येते, अशी ती साधी युक्ती होती. १९७० च्या दशकात बॉश या जर्मन कंपनीने हवेच्या वाटेत एक झडप बसवली; हवेच्या रेट्याने ती जितकी उघडे तितकी हवा आली असे विजेच्या साहाय्याने समजे. १९८० च्या दशकाच्या आरंभी झडप जाऊन तिच्या जागी तापलेली तार आली. ही तार केसासारखी बारीक असते. तिच्यावरून हवा वाहिली की ती थंड होते, आणि तिला पुन्हा तितकीच तापलेली ठेवायला जी वीज लागते तीवरून किती वजनाची हवा आत गेली हे कळते. थंड दाट हवा आली काय किंवा गरम विरळ हवा आली काय, माप वजनाचे मिळते, हे तिचे मोठेपण. इंजिनाचा छोटा संगणक त्या वजनाप्रमाणे पेट्रोल सोडतो. धुराच्या नळीत आणखी एक संवेदक बसलेला असतो. जळून झाल्यावर किती प्राणवायू उरला हे तो पाहतो आणि चूक झाली असेल तर मागे कळवतो. संवेदक हा शब्द ज्याने कोणी मराठीत आणला त्याला आमचे नमन असो. यंत्रालाही संवेदना असते आणि ती दुखावता येते, हे त्या एका शब्दात आले आहे.

आता फसवणूक कशी होते ते पाहा. बाजारात थोड्या पौंडांना एक लहानशी डबी मिळते. वर्णन असे असते की ही डबी जोडा, शक्ती वाढेल, पेट्रोल वाचेल. डबी फोडून पाहिली तर आत अनेकदा काही पैशांचा एक विद्युतरोधक निघतो, दुसरे काही नाही. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा जो संवेदक असतो, त्याचा रोध हवा थंड असली की वाढतो. त्याच्या तारेत हा जादा रोधक घातला की संगणकाला वाटते, बाहेर कडाक्याची थंडी आहे, हवा दाट आहे, पेट्रोल जास्त सोडले पाहिजे. प्रत्यक्षात तसे काही नसते. रोजच्या चालण्यात मागचा प्राणवायूचा संवेदक ही लबाडी ओळखतो आणि जादा पेट्रोल कापून टाकतो, म्हणजे डबीचा लाभ शून्य. मात्र पायाखालचे पेडल पूर्ण दाबले की बहुतेक गाड्यांत त्या मागच्या संवेदकाचे ऐकणे तात्पुरते थांबते. तेव्हा जादा पेट्रोल खरोखरच आत जाते, सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि धूर शुद्ध करणाऱ्या महागड्या जाळीत जाऊन तिला तापवते. मुलाला वाटते गाडी जोरात पळाली. आवाज बदललेला असतो एवढे खरे.

दुसरा प्रकार अधिक हुशारीचा, म्हणून अधिक घातक. हवा मोजणारी तार ज्या नळीत बसते ती नळीच रुंद करायची. नळी रुंद म्हणजे श्वास मोकळा, असे वरवर पाहता पटते. परंतु तीच हवा रुंद नळीतून सावकाश वाहते, तार कमी थंड होते आणि संगणकाला कळते की हवा कमी आली. मग तो पेट्रोलही कमी सोडतो. हलक्या पायाने चालवताना मागचा संवेदक ही उणीव भरून काढतो. चढावर, पूर्ण जोरात, जेव्हा इंजिनाला पेट्रोलची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच ते कमी मिळते. ज्वलन तापते, ठोके बसू लागतात आणि पिस्टनच्या कडा वितळतात. याचा अर्थ रुंद नळी वाईट असा नाही. मोठा टर्बो बसवला तर मूळ नळी खरोखरच अपुरी पडते, आणि तारेचे मापही संपते. दहा किलोच्या तराजूवर पंधरा किलो ठेवल्यासारखे होते. अशा वेळी नळी बदलून संगणकातील हवेचा तक्ता नव्याने लिहिणारे जाणते कारागीर मँचेस्टरात आहेत. ते गाडी रुळांवर बांधून चालवतात, धुरातला प्राणवायू मोजतात, ठोका ऐकतात, आणि मग आकडा बदलतात. त्याला पैसे पडतात. मुलांची धाव डबीकडे असते ती म्हणूनच.

आमच्या परिचयाच्या एका घरातील मुलाची गोष्ट सांगतो. तो हिशेबशास्त्र शिकायला तिकडे गेला. दुसऱ्या वर्षी त्याने जुनी टर्बोची छोटी गाडी घेतली. एका गॅरेजवाल्याने त्याला रुंद नळी आणि तेल लावलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर विकला, तक्त्याला हात लावला नाही, आणि वर सांगितले की गाडी आपोआप शिकून घेईल. फिल्टरचे तेल उडून तापलेल्या तारेवर बसले, म्हणजे जी तार आधीच कमी सांगत होती ती अधिकच कमी सांगू लागली. तीन महिन्यांनी इंजिनाचा एक पिस्टन गेला. दुरुस्तीची रक्कम गाडीच्या किमतीहून मोठी होती. ती भरायला बेटावरून आजीने बाजूला ठेवलेले पैसे गेले. घरच्यांनी मुलाला बोल लावला, मुलाने नशिबाला. गॅरेजवाला मात्र कोणाच्याच बोलण्यात आला नाही. आम्हाला विचाराल तर मोठा दोष त्याचा. त्याखालोखाल दोष आपला, कारण तो मुलगा गणितात उत्तम होता आणि तरीही नळीचे क्षेत्रफळ वाढले की वेग घटतो, हे शाळेत शिकलेले सूत्र त्याला गाडीपुढे उभे असताना आठवले नाही. सूत्र परीक्षेसाठी असते असे आपणच त्याला शिकवले होते.

पिस्टन गेला तर पैशावर निभावते. विम्याचे तसे नाही. इंग्लंडमध्ये गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. न कळवल्यास अपघातानंतर कंपनी दावा नाकारू शकते, पॉलिसीच मुळापासून रद्द करू शकते. विम्याशिवाय गाडी चालवताना पकडले गेल्यास ३०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ गुण, ही तिकडची नेहमीची शिक्षा. आता आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या बेटाच्या परवान्यावर तिकडे राहायला गेल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, मग तिथली परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत ६ गुण झाले की परवाना जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे ज्या वयात आणि ज्या काळात मुले डब्या जोडतात, नेमक्या त्याच काळात कायदा त्यांच्याबाबत सर्वांत कडक असतो.

डिझेल गाड्यांचे प्रकरण तर याहून वाईट. तिथे डबी इंधनाच्या दाबाच्या संवेदकाला जोडतात. खरा दाब असतो त्याहून कमी असल्याचे ती संगणकाला सांगते, संगणक दाब वाढवतो, जादा डिझेल आत जाते आणि काजळी होते. काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. मग काही लोक फिल्टरच कापून काढतात आणि तो तिथे आहे असे भासवणारी आणखी एक लबाडी संगणकात घालतात. एक खोटे झाकायला दुसरे, दुसऱ्याला तिसरे, हे आपल्या गोष्टींतून आपण ऐकलेलेच आहे. फेब्रुवारी २०१४ पासून तिकडच्या एमओटी तपासणीत हा फिल्टर जागेवर आहे की नाही हे पाहतात. मे २०१८ पासून फिल्टरच्या गाडीतून दिसण्याजोगा धूर निघाला तरी गाडी नापास होते. फिल्टर काढून गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे आणि मोटारीसाठी दंड १००० पौंडांपर्यंत होऊ शकतो.

इथे एखादा तरुण वाचक आम्हाला विचारील की गुरुजी, आम्हा पोरांनाच का धारेवर धरता? २०१५ साली फोक्सवॅगनसारख्या जगड्व्याळ कंपनीने काय केले? प्रश्न रास्त आहे. त्या कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणकाला परीक्षा चालू आहे हे ओळखायला शिकवले होते. परीक्षेपुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर आले की मोकळे रान. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्या अशा निघाल्या, त्यांतील सुमारे १२ लाख एकट्या ब्रिटनमध्ये. परीक्षेपुरते पाठ करून नंतर विसरणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले. परीक्षेपुरती स्वच्छ राहणारी गाडी तेव्हा प्रथमच ऐकली. मोठ्यांनी केले म्हणून ते योग्य ठरत नाही, पण पोरांना डबीवरून रागावणाऱ्या सभ्य जगाने आधी आपला सदरा पाहावा, हे त्या तरुणाचे म्हणणे आम्ही मान्य करतो.

आणि आता मँचेस्टरबद्दल. आपल्या जुन्या पिढीला हे शहर ठाऊक होते ते कापडामुळे. १९०५ साली पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विलायती कपड्यांची होळी झाली, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांचा राग सर्वांच्या मनात होता. आताच्या पिढीला ते ठाऊक आहे ते फुटबॉलमुळे. परंतु हवा मोजण्याचे शहर म्हणून ते कोणाच्याच ध्यानी येत नाही, आणि आम्हाला तर तीच त्याची मोठी ओळख वाटते. जॉन डाल्टन १७९३ साली तेथे मास्तरकी करायला आला. हवा हे वेगवेगळ्या वायूंचे मिश्रण असून त्यांतील प्रत्येक वायू आपापला दाब स्वतंत्रपणे देतो, हा नियम त्याचा. हवामानाची टिपणवही त्याने १७८७ मध्ये सुरू केली ती १८४४ साली मृत्यू येईपर्यंत. जेम्स जूल शेजारच्या सॅल्फर्डचा, दारू गाळणाऱ्या घराण्यातला. कष्टाचे रूपांतर किती उष्णतेत होते याचा हिशेब त्याने बसवला, आणि आज इंजिनाचा कोणताही हिशेब त्याच्या नावाच्या एककाशिवाय होत नाही. रॉबर्ट अँगस स्मिथने १८५२ साली गिरण्यांच्या धुराने बिघडलेला तेथला पाऊस तपासला, आणि आम्लवर्षा हा शब्दप्रयोग त्याच्या १८७२ च्या ग्रंथामुळे रूढ झाला. त्या शहराच्या हवेचा प्रश्न अजून मिटलेला नाही. जुन्या व्यावसायिक वाहनांना कर लावणारा स्वच्छ हवेचा पट्टा २०२२ च्या मे महिन्यात तेथे सुरू व्हायचा होता. लोक चिडले, फेब्रुवारीतच तो थांबवला गेला, आणि २०२५ च्या जानेवारीत कर न लावता बसगाड्या सुधारण्याच्या योजनेला सरकारने मान्यता दिली.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स १८६८ पासून तेथील ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचा प्राध्यापक होता. १८८३ साली त्याने काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार धरली. पाणी सावकाश असताना रंगाची रेघ सुतासारखी सरळ गेली. वेग एका मर्यादेपलीकडे गेल्यावर ती विसकटून सगळे पाणी रंगले. प्रवाह शांत कधी असतो आणि खवळतो कधी, हे त्याने डोळ्यांना दाखवले. तापलेल्या तारेच्या अलीकडे कंपन्या बारीक जाळी का बसवतात, आणि ती जाळी ‘हवेला अडवते’ म्हणून काढून टाकणाऱ्या पोराची गाडी नंतर आचके का देते, याचे उत्तर त्या नळीत आहे. रेनॉल्ड्सची ती उपकरणपेटी मँचेस्टर विद्यापीठात अजून जपून ठेवलेली आहे. आपली मुले त्याच विद्यापीठाच्या इमारतींवरून रोज जातात.

परंतु मुलांना, आणि विशेषतः मुलींना, ज्या एका व्यक्तीचे नाव ठाऊक असावे असे आम्हाला वाटते ती म्हणजे बिअट्रिस शिलिंग. १९०९ सालचा तिचा जन्म. चौदाव्या वर्षी तिने मोटारसायकल घेतली आणि ती स्वतः उघडून जोडू लागली. आपल्या घरात असे झाले असते तर काय झाले असते ते सांगायला नको. तिला मात्र एका विद्युत कंपनीची चालक असलेल्या मार्गारेट पार्ट्रिज या अभियंत्या बाईंनी हाताखाली घेतले आणि पुढे मँचेस्टर विद्यापीठात जाण्यास सुचवले. १९३२ साली ती तेथून विद्युत अभियांत्रिकीची पदवीधर झाली, पुढच्या वर्षी यंत्र अभियांत्रिकीत उच्च पदवी मिळवली. १९३४ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर स्वतः तयार केलेल्या नॉर्टन मोटारसायकलीवर तिने ताशी १०६ मैलांचा फेरा मारून सुवर्णतारा मिळवला. म्हणजे वेगाचा षौक तिलाही होता. तो आमच्या कोणत्याही वाचकाच्या मुलाहून कमी नव्हता. पुढे ती फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेत लागली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांना मर्लिन नावाचे इंजिन असे. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले की इंजिन खोकून बंद पडे. जर्मन विमानांत इंधन थेट सिलिंडरात फवारले जाई, त्यामुळे ती निर्धास्त सूर मारून निसटत. मर्लिनला कार्ब्युरेटर होता. नाक खाली गेले की कार्ब्युरेटरातले पेट्रोल वर फेकले जाई. क्षणभर इंजिनाला ते मिळत नसे, आणि लगेच पंपाच्या पूर्ण दाबाने इतके येई की मिश्रण भिजून विझे. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो जास्त वेळ टिके.

शिलिंगबाईंनी काय केले? इंजिन पूर्ण शक्तीवर असताना त्याला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागते ते मोजले, आणि तेवढेच जाईल अशा मापाचे भोक असलेली धातूची एक चकती पेट्रोलच्या वाटेत बसवली. बस्स. चकती बसवायला विमान कारखान्यात न्यावे लागत नसे, म्हणून १९४१ साली ती स्वतः थोडे कारागीर बरोबर घेऊन विमानतळामागून विमानतळ फिरली. चकतीने उलटे उडण्याचा प्रश्न सुटला नाही, आणि ब्रिटनवरची हवाई लढाई तर आदल्याच वर्षी उरकली होती. तेव्हा एका चकतीने युद्ध जिंकले वगैरे जे सांगतात ते आम्ही सांगणार नाही. नवे दाबाचे कार्ब्युरेटर येईपर्यंत मात्र तिने काम भागवले, आणि सूर मारताना ज्याचे इंजिन चालू राहिले त्या वैमानिकाला तेवढे पुष्कळ होते. आमच्या मुलांनी हे नीट पाहावे की शक्ती हाती आली ती वाट मोकळी करून नव्हे तर मापात अडवून, आणि अडवण्याआधी मोजून.

याच मर्लिन इंजिनांची मँचेस्टरशी दुसरीही गाठ आहे. ट्रॅफर्ड पार्क परिसरात फोर्ड कंपनीने युद्धकाळात ३०,००० हून अधिक मर्लिन बनवली. रोल्स-रॉइसचे अभियंते स्टॅन्ली हूकर यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की फोर्डचे लोक नकाशे पाहून म्हणाले, या नकाशांवरून आम्हाला इंजिन करता येणार नाही. रोल्सवाल्यांना वाटले, आपली मापे फार बारीक म्हणून यांना झेपत नसतील. फोर्डवाल्यांचे म्हणणे नेमके उलट होते. तुमची मापे फार ढिली आहेत. तुमचा कारागीर एकेक भाग घासून बसवतो, आमच्याकडे हजारो भाग न घासता एकमेकांत बसले पाहिजेत. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात. हूकर स्वतः गणिती. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या आतल्या वाटांचे गणित करून त्यांनी त्याच मर्लिनची शक्ती वाढवली, म्हणजे आपली मुले जे करू पाहतात तेच, फक्त कागद-पेन्सिलीने सुरुवात करून.

मग आपण करावे काय? काही घरांत किल्ली काढून घेतात. त्याने मुलगा गाडी मित्राच्या घरी उभी करायला शिकतो, दुसरे काही होत नाही. आणि हा प्रश्न फक्त मँचेस्टरचाही नाही. आपल्या बेटावर जपानहून येणाऱ्या रिकंडिशन गाड्यांत तीच तापलेली तार आहे, त्याच डब्या आहेत, आणि शनिवारी रात्री मोटरवेवर जो आवाज ऐकू येतो तो आपल्याच पोरांचा आहे. आपल्या समाजात एक जुनी खोड आहे. आपले आजे-पणजे रत्नागिरी-सावंतवाडीकडून आले, उसात राबले, काहीजण साखर कारखान्याच्या बॉयलरवर चढले, आणि हाताच्या कामातून सुटका म्हणजे प्रगती असे आपल्या मनात घट्ट बसले. म्हणून मुलगा कचेरीत बसला तर पेढे, आणि स्पॅनर हाती घेतला तर उसासे. मुलीने घेतला तर विचारूच नका. ही खोड असेपर्यंत मुलाला इंजिनाबद्दल प्रश्न विचारायला घरात माणूस नसतो, आणि तो डबी विकणाऱ्याकडे जातो.

पैसे पाठवणाऱ्या आईबापांना आमचे सांगणे इतकेच की तीन कागद मागा. गाडी रुळांवर बांधून बदलाच्या आधी आणि नंतर मोजलेली शक्ती व हवा-पेट्रोलाचे प्रमाण दाखवणारा गॅरेजचा कागद. बदल कळल्याचे विमा कंपनीचे पत्र. आणि बदलानंतरचा एमओटीचा दाखला. पहिला कागद जो गॅरेजवाला देऊ शकत नाही त्याने मोजलेले नाही, आणि मुलगा कितीही गोड बोलला तरी तिथे पैसे देऊ नयेत. दुसऱ्या कागदाला मुले टाळाटाळ करतात, कारण हप्ता वाढतो. वाढू दे. वाढलेला हप्ता जोडून मग तो बदल परवडतो का हे मुलालाच मांडायला सांगावे. हिशेबशास्त्र शिकायला गेलेल्याला तर ते जमायलाच हवे.

आणि ज्यांना खरोखरच वेगाचे वेड आहे त्यांच्यासाठी मँचेस्टर विद्यापीठातच वाट आहे. फॉर्म्युला स्टुडंट नावाची स्पर्धा ब्रिटनमध्ये १९९८ पासून भरते. विद्यार्थी स्वतः एक आसनी शर्यतीची गाडी आखतात, बांधतात, तिचा खर्च परीक्षकांपुढे मांडतात आणि सिल्व्हरस्टोनच्या मार्गावर चालवतात. मँचेस्टरचा संघ त्यात असतो. त्या स्पर्धेचा एक नियम वाचून आम्हाला शिलिंगबाईंच्या चकतीची आठवण झाली. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक गाडीच्या इंजिनाला सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गोल भोकातून ओढावी लागते. नळी रुंद करण्याचा मार्गच बंद. त्या नाण्याएवढ्या भोकातून जितकी हवा येईल तिच्यातून कोण किती शक्ती काढतो हे पाहायचे असते, आणि तिथे संवेदकाला खोटे सांगणारा संघ पहिल्याच चढाओढीत मागे पडतो. हिशेबशास्त्राच्या, व्यापाराच्या विद्यार्थ्यांनाही खर्चाच्या कामासाठी अशा संघांत जागा असते. सप्टेंबरअखेर विद्यापीठ उघडले की पहिल्या आठवड्यातच संघाचे लोक मेज मांडून नावे घेतात. यंदा ज्यांची मुले-मुली तिकडे जात आहेत त्यांनी निघण्यापूर्वी ही गोष्ट मुलांच्या कानावर घालावी, आणि मुलींना ती दोनदा सांगावी, कारण त्यांना पहिल्यांदा सांगितले तेव्हा ते भावासाठी सांगितले असे वाटण्याची त्यांना सवय झालेली आहे.